परदेशातून ब्रँडेड पर्स आणायची आहे? किंमत, रिफंड आणि कस्टमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत कुणाचं परदेशाचं तिकीट निघालं, की आधी व्हिसाची चर्चा होते, मग विम्याची, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी माझी बेल वाजते. "अगं, ती अमुक पर्स तिकडे स्वस्त मिळते ना गं?" मी हिशेबातली बाई. वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या, त्यामुळे कोथरूडच्या निम्म्या बिल्डिंगला वाटतं की हिला सगळं माहीत असणार. शिवाय हौसेने मी स्वतःही पर्स आणल्या आहेत. एकदा ड्युटी भरून, एकदा रिफंड घालवून. तेच तेच सांगून घसा दुखला, म्हणून एकदाच लिहून काढलं.

पॅरिसमध्ये पर्स खरंच स्वस्त असते का?

दुकानातल्या पाटीवर बघाल तर बहुतेक वेळा हो. फ्रेंच आणि इटालियन कंपन्या घरच्या बाजारात भाव सहसा सगळ्यात कमी ठेवतात आणि जसजसं लांब जावं तसतसा तो चढत जातो. मुंबईला बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड प्लाझात जी किंमत दिसते, तिच्या पोटात आयातशुल्क, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि १८ टक्के जीएसटी हे सगळं आधीच बसलेलं असतं. पॅरिसच्या किमतीतही तिथला २० टक्के व्हॅट असतोच, पण आपण पाहुणे असल्यामुळे त्यातला काही भाग परत मिळतो.

घोळ होतो तो 'स्वस्त' या शब्दाने. तुळशीबागेत पाचशेची वस्तू घासाघीस करून साडेतीनशेला आणली, तर दीडशे वाचले, विषय संपला. या पर्सचं तसं नाही. दुकानातून निघून आपल्या कपाटात बसेपर्यंत तिच्यावर तिघांचा हात फिरतो. कार्डवाली बँक थोडे घेते, रिफंड कंपनी थोडे देते (आणि देता देता स्वतःचं कमिशन काढते), आणि शेवटी मुंबईच्या सहार विमानतळावर कस्टम. या तिघांचे आकडे मांडल्याशिवाय 'स्वस्त पडली' म्हणायचं नाही, हा माझ्या घरचा नियम आहे.

तुलना करताना कंपनीच्या भारतीय आणि फ्रेंच संकेतस्थळावर तोच मॉडेल क्रमांक टाकून बघा. नुसतं नाव सारखं असून भागत नाही, कारण मापाने आणि चामड्याने किंमत बदलते. आणि दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतल्या किमतीवर जाऊ नका. शनेलच्या मधल्या आकाराच्या क्लासिक फ्लॅप पर्सने मार्च २०२४ मध्ये युरोपात १०,००० युरोंचा टप्पा ओलांडला. या धंद्यात भाव उतरण्याची वाट बघणं म्हणजे मे महिन्यात लोहगावच्या रनवेवर बर्फाची वाट बघणं.

एकूण हिशेब कसा मांडायचा? एक उदाहरण द्या.

देते. आकडेमोड सोपी जावी म्हणून युरो १०० रुपयांचा धरू. पॅरिसमध्ये पाटीवर १,५०० युरो, म्हणजे १,५०,००० रुपये.

रिफंड आधी. व्हॅट २० टक्के म्हणून ३०० युरो परत येतील असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. किंमत व्हॅटसकट असते, म्हणजे मूळ १,२५० आणि व्हॅट २५०. त्यातून रिफंड कंपनी आपला वाटा काढते आणि हातात साधारण पाटीच्या १२ टक्के येतात. म्हणजे १८० युरो, १८,००० रुपये.

आता कार्ड. परदेशी चलनासाठी बँकेने साडेतीन टक्के मार्कअप लावला, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४.१३ टक्के होतात. दीड लाखावर ६,१९५ रुपये. हा खर्च कुणीच मोजत नाही, आणि महिन्याभराने स्टेटमेंट आलं की नवऱ्याला विचारतात, "हे काय लागलंय?"

मग कस्टम. फेब्रुवारी २०२६ पासून विमानाने परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ७५,००० रुपयांपर्यंतच्या सामानावर ड्युटी नाही. दीड लाखातून ते वजा केले की उरले ७५,०००. मी ड्युटी भरली तेव्हा दर ३५ टक्के होता आणि त्या ड्युटीवर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, म्हणजे मिळून ३८.५. त्याच दराने ड्युटी झाली २८,८७५.

बेरीज: १,५०,००० मधून १८,००० गेले, ६,१९५ आणि २८,८७५ आले. १,६७,०७०. म्हणजे पाटीवरच्या किमतीपेक्षा सुमारे ११ टक्के जास्त. तीच पर्स मुंबईत १,८५,००० ला असेल, तर तुमचे अठरा हजार वाचले. १,६५,००० ला असेल, तर पॅरिसहून उगाच ओझं वाहिलंत.

आणि पर्स पाच लाखांची असेल तर?

इथे बहुतेकांचे डोळे उघडतात. ७५,००० ची सवलत ठरलेली आहे, ती पर्सबरोबर वाढत नाही. लाखाच्या पर्समध्ये ती बरीच जागा व्यापते, पाच लाखांच्या पर्समध्ये चिमूटभर मिठासारखी विरघळून जाते.

५,००० युरो म्हणजे ५,००,००० रुपये. रिफंड ६०,०००. कार्डाचे २०,६५०. ड्युटी ४,२५,००० वर ३८.५ टक्क्यांनी १,६३,६२५. एकूण ६,२४,२७५. पाटीवरच्या किमतीपेक्षा पंचवीस टक्के वर! कंपनीने भारतातला भाव पॅरिसपेक्षा २० टक्के जास्त ठेवला असेल, तर तीच पर्स बीकेसीत सहा लाखांना मिळते, टॅक्सीचं भाडं आणि चहा धरूनही स्वस्तच. दुकानाची पावती भारतातली, काही बिघडलं तर दुरुस्तीला द्यायला दुकान तीन-चार तासांवर.

मी एकदा रविवारी दुपारी वही घेऊन बसले आणि उलटा हिशेब केला. भारतातली किंमत १५ टक्के जास्त असेल, तर पॅरिसची पाटी १,८५,००० रुपयांच्या आसपास असताना दोन्ही पारडी सारखी होतात. त्याखाली पॅरिस, त्यावर मुंबई. फरक २० टक्क्यांचा असेल तर ही रेघ पावणेतीन लाखांच्या थोडं खाली येते. तुमच्या कार्डाचा मार्कअप शून्य असेल तर ती आणखी वर सरकेल. पण जिच्या तोंडून 'सात लाखांची पर्स चार लाखांत आणली' असं ऐकाल, तिने ड्युटी भरलेली नसते, एवढं मी पैजेवर सांगते.

सवलत पन्नास हजारांची आहे की पंचाहत्तर?

आता पंचाहत्तर. पन्नास हजारांची मर्यादा २०१६ च्या बॅगेज नियमांतली, ती दहा वर्षं तशीच राहिली. फेब्रुवारी २०२६ मध्ये नवे बॅगेज नियम आले आणि ती वाढली. परदेशी पर्यटकांसाठी ती २५,००० आहे. तुमच्याकडे लग्न जमलेली परदेशी सून येत असेल, तर तिच्या हाती पर्स देऊन पाठवण्याची युक्ती इथेच संपली.

एक लक्षात ठेवा. ही मर्यादा एका पर्सची नाही, त्या फेरीतल्या तुमच्या सगळ्या नव्या वस्तूंची आहे. परफ्यूम, चॉकलेटं, भाच्याचे बूट, सगळं त्यातच. वापरातले कपडे आणि रोजच्या गरजेचं सामान त्यात धरत नाहीत.

नवऱ्याची सवलत माझ्यात मिळवता येते का?

नाही. दोन प्रवाशांच्या सवलती एकत्र करता येत नाहीत, असं नियमातच लिहिलेलं आहे. दीड लाखाची एक पर्स 'अर्धी यांची, अर्धी माझी' होत नाही. सत्तर-सत्तर हजारांच्या दोन पर्स, दोन वेगळी बिलं, दोन प्रवासी, हे चालतं.

विमानतळावरच्या ड्युटी फ्री दुकानातून घेतली तर ड्युटी लागत नाही ना?

लागते. ते दुकान त्या देशाच्या करातून मोकळं असतं, आपल्या देशाच्या नाही. पाटी वाचून आपण स्वतःची समजूत घालतो, एवढंच.

बिल, डबा, टॅग सगळं फेकून पर्स खांद्याला लावून आले तर?

हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारताना आवाज आपोआप खाली येतो.

मोठ्या किमतीची वस्तू जवळ असताना हिरव्या चॅनलमधून जाणं म्हणजे 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' असं सरकारला सांगणं. १९६२ च्या कस्टम कायद्यात सामान जाहीर करण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे. पकडलं तर वस्तू जप्त होऊ शकते, वर दंड, आणि ती सोडवून घ्यायची तर वेगळी रक्कम. ड्युटी तर भरावी लागतेच.

'मी ही रोज वापरते' हे सांगणाऱ्याच्या पर्सच्या आत चिकटवलेला कागद, पट्ट्यावरची पारदर्शक फिल्म, धातूच्या कडीवर एकही ओरखडा नाही, हे त्या अधिकाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं. दिवसाला शेकडो पर्स त्याच्या समोरून जातात. आणि बिल फेकलं तर किंमत तो ठरवतो. फोनवर कंपनीचं संकेतस्थळ उघडायला त्याला अर्धा मिनिट लागतो, आणि तुम्ही सेलमध्ये घेतलेली पर्स पूर्ण भावाने मोजली जाते. बिल हे तुमच्याच बाजूचं कागदपत्र आहे. मी तर त्याचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवते.

नैतिकतेचं प्रवचन मला द्यायचं नाही. हिशेबाचं बोलते. अठ्ठावीस हजार वाचवायला दीड लाख आणि रात्रीची झोप पणाला लावणं हा सौदा मला जमत नाही.

लाल चॅनलमध्ये नेमकं काय होतं? भीती वाटते.

मी मे २०२४ मध्ये गेले होते तेव्हाचं सांगते. पहाटेचे साडेतीन. आखातातून आलेल्या विमानाचं सामान पट्ट्यावर फिरत होतं, खोबऱ्याच्या तेलाचा वास येणारं एक खोकं फुटलेलं. सगळे हिरव्या बाजूला चाललेले आणि मी ट्रॉली घेऊन लाल पाटीकडे. मागून एक काका म्हणाले, "मॅडम, रस्ता इकडे आहे." त्यांना वाटलं मी चुकले.

आत टेबल, संगणक, दोन अधिकारी. मी पर्सचं बिल, पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पुढे ठेवला. पर्स ११५० युरोंची. त्यांनी पिशवी उघडून एकदा पाहिली, आतला क्रमांक बिलाशी ताडला. मग दर लावला. हा दर बँकेचा नसतो, कस्टमने जाहीर केलेला वेगळा असतो. मी वहीत ९० ने हिशेब करून ठेवला होता, त्यांनी ९२ ने केला. तेव्हा सवलत ५०,००० होती. १,०५,८०० मधून ते वजा करून ५५,८०० वर ड्युटी, २१,४८३ रुपये. माझ्या वहीपेक्षा ८८५ रुपये जास्त. रिफंडचा फॉर्म दाखवून मी विचारलं, की व्हॅट तर मला परत मिळणार आहे, तो वजा होईल का. त्यांनी बिलावरचा आकडाच धरला. वाद घालत बसण्याची ती वेळही नव्हती.

कार्डाने पैसे भरले, छापील पावती मिळाली, वीस मिनिटांत बाहेर. त्या पावतीला मी पर्सपेक्षा जास्त जपते. का, ते पुढे सांगते.

निघण्याआधी फोनवर 'अतिथी' हे कस्टमचं ॲप भरून ठेवता येतं. पहाटे विमानतळावर फॉर्म भरायला पेन शोधण्यापेक्षा ते बरं.

पुण्यालाच उतरलं तर कटकट कमी?

नियम तेच, दर तेच. लोहगावला दुबईसारखं थेट विमान मिळालं तर एक्सप्रेस वेवरचे तीन-चार तास वाचतात, तेवढाच फायदा. 'पुण्यात कुणी विचारत नाही' ही अफवा आमच्या ग्रुपवर दर दिवाळीला फिरते.

कोणत्या देशात किती रिफंड मिळतो?

फ्रान्समध्ये व्हॅट २० टक्के. एका दुकानात १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी हवी, वय किमान १६. इटलीत व्हॅट २२ टक्के, आणि तिथली किमान खरेदीची अट फेब्रुवारी २०२४ पासून ७० युरोंवर आली, पूर्वी ती जवळजवळ १५५ होती. स्पेनमध्ये २१ टक्के आणि किमान खरेदीची अटच नाही. जर्मनीत १९ टक्के, अट ५० युरोंची. हे सगळे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका, हाती येतं ते बरंच कमी, वर सांगितलंच.

लंडनला जाणाऱ्यांनी नीट वाचा. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये पर्यटकांचा व्हॅट रिफंड बंद आहे. माझी एक मैत्रीण बाँड स्ट्रीटवर पर्स घेऊन विमानतळावर रिफंडचं काउंटर शोधत चाळीस मिनिटं फिरली. दोन दिवसांनी ती पॅरिसलाच जाणार होती!

दुबईत व्हॅट मुळात ५ टक्के. खरेदी किमान २५० दिरहम हवी. व्हॅटचे ८५ टक्के परत मिळतात, त्यातून ४.८० दिरहम फी. १०,००० दिरहमच्या पर्सवर हातात येतात सुमारे ४०० दिरहम. रिफंडसाठी दुबईला जायचं कारण नाही, पण माल भरपूर आणि पुणेकरांना जवळ. सिंगापूरमध्ये जीएसटी जानेवारी २०२४ पासून ९ टक्के, किमान खरेदी १०० सिंगापूर डॉलर. हाँगकाँगमध्ये असा विक्रीकरच नाही, म्हणून परत मिळायचंही काही नाही. अमेरिकेत केंद्र पातळीवर पर्यटकांना रिफंड देणारी योजना नाही, आणि पाटीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. न्यूयॉर्कमध्ये पैसे देताना ८.८७५ टक्के वर चढतात, तेव्हा चेहरे बघण्यासारखे असतात.

जपान आत्तापर्यंत सगळ्यात सोपं होतं. पासपोर्ट दाखवला की १० टक्के उपभोग कर दुकानातच वजा, रांग नाही, शिक्का नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून तिथेही आधी पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना परत घ्यायचे, अशी पद्धत येते आहे. साकुरा बघायला पुढच्या वसंतात जाणार असाल, तर जुन्या अनुभवांवर विसंबू नका.

रिफंडचा शिक्का कुठे घ्यायचा?

युरोपीय संघातून बाहेर पडताना, शेवटच्या विमानतळावर. पॅरिसहून फ्रँकफर्टमार्गे येत असाल आणि पर्स हातातल्या सामानात असेल, तर काम फ्रँकफर्टला. पॅरिसहून थेट युरोपाबाहेर पडत असाल तर तिथेच, 'पाब्लो' नावाची यंत्रं आहेत, फॉर्मवरचा बारकोड दाखवला की पडदा हिरवा होतो. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत वस्तू बाहेर गेली पाहिजे.

माझं काय झालं, तेही सांगते. २०१९ मध्ये फ्लॉरेन्सहून बहिणीसाठी ६०० युरोंची पर्स घेतली. फॉर्म नीट भरला, पाकिटात घातला. परतीच्या दिवशी पाऊस, ट्रेन उशिरा, घाईघाईत पर्स मोठ्या बॅगेत कोंबली आणि ती बॅग काउंटरवर देऊन टाकली. मग कस्टमच्या खिडकीशी गेले. खिडकीतल्या माणसाने फॉर्म पाहिला, पासपोर्ट पाहिला आणि एकच शब्द विचारला: बॅग? मी हात हलवून विमानाकडे दाखवलं. तोही हसला, मीही हसले. ७२ युरो गेले. चूक पूर्ण माझी. तेव्हापासून घरातून निघतानाच पर्स हातात, फॉर्म पर्समध्ये, आणि सामान देण्याआधी शिक्का.

रोख रिफंड घेतला तर काउंटरवर आणखी काही रक्कम कापतात. कार्डावर घेतला तर वाट बघावी लागते. मी कार्डावर घेते. विमानतळावर हाती आलेले युरो विमानतळावरच संपतात, हा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे.

पैसे कसे द्यावेत, क्रेडिट कार्ड, फॉरेक्स कार्ड की रोख?

दुकानदाराने यंत्र पुढे केलं की पडद्यावर दोन पर्याय येतात, युरो किंवा रुपये. रुपये बघून आपल्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. युरोच दाबा. रुपयांचा तो दर दुकानाच्या बँकेने तुमच्या खिशाकडे बघून ठरवलेला असतो.

कार्डाचा मार्कअप आधी विचारून घ्या. काही कार्डांवर तो शून्य असतो, आणि दीड लाखाच्या खरेदीत सहा हजारांचा फरक पडतो. फॉरेक्स कार्डात भरलेले पैसे परदेशी रक्कम पाठवण्याच्या मर्यादेत धरले जातात. एका आर्थिक वर्षात ते १० लाखांच्या पुढे गेले, तर पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकून पडतात. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च सध्या या मोजणीत येत नाही.

नोटांच्या स्वरूपात एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. नोटांचं पुडकं देऊन पर्स घेणं फक्त सिनेमात छान दिसतं.

जुनी पर्स घेऊन फिरायला गेले, येताना तिच्यावर ड्युटी मागतील का?

वापरलेली दिसत असेल तर सहसा प्रश्न येत नाही. पण नवीकोरी किंवा फार किमती असेल, तर जाताना विमानतळावरच्या कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. पर्स दाखवावी लागते, म्हणून ती चेक-इन सामानात टाकू नका आणि अर्धा तास आधी पोहोचा. वर म्हटलेली ड्युटीची पावती इथे कामाला येते: ही वस्तू इथे आणून कर भरलेली आहे, याचा त्याहून मोठा पुरावा नाही. माझी पावती पासपोर्टच्या प्लास्टिकच्या खिशात कायमची राहते. शाई उडत चालली आहे, म्हणून झेरॉक्सही काढली.

अमेरिकेतल्या बहिणीने कुरियरने भेट म्हणून पाठवली तर?

पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंवरची सूट डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. जीवरक्षक औषधं आणि राखी तेवढी सुटली. त्यामुळे 'गिफ्ट' लिहिलं म्हणून ड्युटी टळत नाही.

वैयक्तिक वापरासाठी मागवलेल्या वस्तूंवरचा दर २०२६ च्या अर्थसंकल्पात २० वरून १० टक्क्यांवर आणला, आणि तो १ एप्रिलपासून लागू झाला. बातमी आली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर फटाके फुटले. पण हा दर टपालाने-कुरियरने मागवलेल्या मालाचा, प्रवाशाने बरोबर आणलेल्या सामानाचं खातं वेगळं. शिवाय कुरियरच्या मालावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) निराळा लागतो, किंमत मोजताना वाहतूक आणि विमाही धरतात, आणि ७५,००० ची सवलत तिथे नाही. बहिणीला म्हणावं, दिवाळीला स्वतः ये आणि येताना घेऊन ये.

मगरीच्या किंवा अजगराच्या कातड्याची पर्स?

नको. या प्राण्यांच्या कातड्याच्या व्यापारावर साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने ते आणखी घट्ट बसवलंय. परवान्याची कागदपत्रं नसतील तर ड्युटी भरायची तयारी असली तरी पर्स हातातून जाऊ शकते.

हर्मिसची बर्किन पॅरिसला जाऊन लगेच मिळते का?

नाही. १९८४ मध्ये पॅरिस-लंडन विमानात जेन बर्किन आणि हर्मिसचे प्रमुख शेजारी बसले आणि त्यातून ही पर्स जन्मली, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. दुकानात ती मांडून ठेवलेली नसते, हे मात्र कुणी सांगत नाही. पॅरिसच्या दुकानात चामड्याच्या वस्तूंसाठी आदल्या दिवशी ऑनलाइन वेळ मागावी लागते, आणि वेळ मिळाली म्हणजे पर्स मिळाली असंही नाही. चितळ्यांचं दुकान पूर्वी दुपारी एक ते चार बंद असायचं म्हणून हसणाऱ्यांनी ही रांग एकदा बघून यावी.

दोन-तीन आणून इथे विकल्या तर खर्च निघेल का?

बॅगेजची सवलत स्वतःच्या वापराच्या सामानाला आहे. एकाच मॉडेलच्या तीन पर्स बॅगेत सापडल्या, की तो व्यापार होतो आणि नियम बदलतात.

पुण्याच्या पावसाळ्यात ही पर्स टिकते का?

टिकवली तर. लुई व्हिटॉनच्या काही पर्सचे पट्टे व्हॅचेटा नावाच्या उघड्या चामड्याचे असतात, त्यावर पावसाचा एक थेंब पडला तरी डाग राहतो. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत तर आतून बुरशी धरते. कंपनीने दिलेली सुती पिशवी, आत जुन्या मलमलीचा बोळा, सिलिकाच्या दोन पुड्या, आणि पंधरा दिवसांनी एकदा वारा.

मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कपाटातून काढतच नाही. खांद्याला रेनकोटच्या कापडाची साडेतीनशेची झोळी लावते. सासूबाई दरवर्षी विचारतात, "मग एवढी ड्युटी भरून आणलीस तरी कशाला?" हाही वारंवार विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून यादीत घेतला.